बाथरूम गिऱ्हाइकासाठी, अंधार आईसाठी

चिचगडचं आमचं घर विकायचं ठरलं आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की या घरात एक बाथरूम कमी आहे.

घर बाबांनी १९९१ साली बांधलं. म्हणजे चौतीस वर्षं ते कमीच होतं. आजी, आई, आत्या आणि मी, आम्हा चौघींना ते रोज कळत होतं. पण ‘कमी आहे’ हे घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला तो देवरीहून आलेला दलाल. त्यानं कवेलू पाहिले, मागची विहीर पाहिली, सपरीत बसून चहा घेतला आणि म्हणाला, ‘‘आजकाल नोकरीवाले लोक आधी बाथरूम पाहतात. समोरच्या खोलीला एक अटॅच काढून घ्या, लाखभर जास्त मागता येतील.’’ दादानं मान हलवली. काकांनी मान हलवली. त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर टाईल्सचे फोटो पडायला लागले.

मला राग आला. तो टाईल्सवर नाही, दलालावरही नाही. तो त्याचा धंदा करतो आहे. राग याचा आला की जे आजीला मागून मिळालं नाही, ते न बघितलेल्या माणसाला न मागता मिळत होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरात बाथरूम कुठे असावं, हे त्या घरातलं सगळ्यात अशक्त माणूस रात्री किती चालू शकतं यावरून ठरलं पाहिजे. घर राहायचं असो की विकायचं. आपण मात्र ते आधी विटाळावरून ठरवत होतो आणि आता गिऱ्हाइकाच्या नजरेवरून ठरवतो. दोन्ही वेळा वापरणाऱ्याला कुणी विचारत नाही.

एक्केचाळीस पावलं

आमच्या घरात पुढे सपरी, बाजूला आईची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. त्यामागे आंगण, आंगणात विहीर आणि विहिरीच्या पलीकडे सांदवाडीच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम. सुरुवातीला तिथं नुसती न्हाणी होती, तीन बाजूंनी बांबूच्या ताट्या आणि वर आभाळ. संडास आला २००४ साली, मी आठ वर्षांची असताना. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे ते दिवस होते. गावात घोषणा होत्या, भिंती रंगल्या होत्या. संडास बांधून झाला तेव्हा आम्ही सगळे रांगेत उभे राहून त्याच्याकडे बघत होतो, हे मला अजून आठवतं. आनंद खराच होता.

पण तो आईच्या खाटेपासून एक्केचाळीस पावलांवर होता आणि आजही तिथंच आहे. दिवाळीत मी मोजली. त्यातली सव्वीस उघड्यावर.

उन्हाळ्यात सव्वीस पावलं काहीच नाहीत. पण आमचा भाग धानाचा आणि तळ्यांचा. पावसाळ्यात आंगणात शेवाळ धरतं, सांदवाडीत पाणी साचतं. रात्री मण्यार फिरतो. मण्याराचा चावा पुष्कळदा कळतसुद्धा नाही, म्हणून तो जास्त वाईट. माझ्या शाळेच्या वयात घरातल्या बायकांचा एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण सगळ्या पाळायच्या. दिवे लागले की पाणी प्यायचं नाही. पाळी असेल तर रात्री कपडा बदलायचा नाही, पहाटेपर्यंत थांबायचं. मला वाटायचं, बाई होणं म्हणजे थांबायला शिकणं. नागपूरच्या होस्टेलवर गेल्यावर, जिथं संडास खोलीपासून दहा पावलांवर होता, तिथं मी रात्री नऊ वाजता तांब्याभर पाणी प्यायले आणि मला कळलं की हा नियम देहाचा नव्हता, नकाशाचा होता.

आजी २०१३ च्या श्रावणात त्या वाटेवर पडली. मांडीचं हाड मोडलं. ती पुन्हा उठली नाही, सहा महिन्यांनी गेली. आम्ही वाटेवर एक बल्ब लावला. बाथरूम तिथंच राहिलं.

‘मागे’ का?

दुसऱ्या बाथरूमसाठी घरात चार जागा सुचवल्या गेल्या. दलालाची सूचना सपरीला लागून असलेल्या नव्या स्लॅबच्या खोलीची: येणाऱ्याला दार उघडताच चकचकीत दिसलं पाहिजे. दादाची सूचना त्या खोलीवर जाणाऱ्या जिन्याखालची: जागा फुकट आहे. काकांची सूचना मागची: जुन्याला लागून बांधा, तोच खड्डा वापरा, पैसे वाचतील. आणि माझी: आईच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला लागून, तिथल्या सहा फुटांच्या सांदीत, आतून दार पाडून.

माझ्या जागेवर पहिला आक्षेप खर्चाचा नव्हता. काका म्हणाले, ‘‘त्या भिंतीच्या अलीकडं देवघर हाय.’’

इथं जरा थांबायला हवं. संडास घरापासून दूर, मागे, कोपऱ्यात का असतो? आपण म्हणतो, वास येतो म्हणून, घाण नको म्हणून. हे अर्धंच खरं आहे. मोहेंजोदडोच्या घरांत, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी, न्हाणीघरं बहुधा रस्त्याकडच्या बाजूला असत. कारण साधं होतं: सांडपाण्याची नाली रस्त्यावर होती. तिथं जागा पाण्याच्या उतारानं ठरली होती.

आपल्याकडे ती मागे गेली त्याला एक वेगळं कारण आहे. पाटीच्या संडासाच्या काळात मैला उचलायला माणूस यायचा आणि तो घरातून येता कामा नये, अशी व्यवस्था होती. म्हणून वाड्यांच्या मागे बोळ, म्हणून मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मधल्या अरुंद हाउस गल्ल्या. संडास मागे होता, कारण तो साफ करणाऱ्याला पुढून येऊ द्यायचं नव्हतं. मैला डोक्यावरून वाहायला लावणं कायद्यानं बंद झालं; २०१३ च्या कायद्यानं तर संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणंही गुन्हा ठरवलं. पाटी गेली, बोळ बुजला, पण ‘मागे’ हा शब्द घराच्या नकाशात तसाच राहिला. आमच्या घरी कधी पाटीचा संडास नव्हता. तरी बाबांनी जागा विचार न करता मागचीच धरली. ती सवय त्यांना कुठून आली, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अप्पासाहेब पटवर्धनांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून १९३२ साली त्यांनी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडासावरच प्रयोग केले, त्याला आजही गोपुरी संडास म्हणतात. संडास हा बांधकामाचा नव्हे, समाजाचा प्रश्न आहे, हे कळलेला तो माणूस होता. आपण त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी देवघराची भिंत मोजतो आहोत.

आणि आमच्या घरातलं ‘मागे’ पवित्र तरी आहे का? मी टेप घेऊन मोजलं. जुन्या संडासाचा खड्डा विहिरीपासून अठरा फुटांवर आहे. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान दहा मीटर, म्हणजे साधारण तेहतीस फूट असावा, हा सर्वसाधारण नियम. आम्ही देवाला विटाळ होऊ नये म्हणून संडास मागे नेला आणि त्याच विहिरीचं पाणी देवाच्या कलशात भरलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. टेप मात्र त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत मोजलं.

सरकारनं मोजलं, पण काय मोजलं?

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ६३.२ टक्के घरांत फोन होता आणि ४६.९ टक्के घरांच्या आवारात संडास होता. ग्रामीण महाराष्ट्रात संडासाचा आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास. त्याच जनगणनेत न्हाण्याच्या सोयीचा एक रकाना होता: ‘आडोसा, छत नाही’. आमच्या जुन्या ताट्यांच्या न्हाणीला सरकारी भाषेत नाव होतं तर!

मग २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत आलं. घरटी शौचालयाला १२,००० रुपये. महाराष्ट्रात त्याआधीपासूनच घरी संडास नसेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नव्हती. पहाटे गुड मॉर्निंग पथकं फिरत होती, टमरेल घेऊन निघालेल्या लोकांना गाठत होती. मी या सगळ्याची टिंगल करणार नाही. ज्या घरांत काहीच नव्हतं तिथं काहीतरी आलं आणि त्यासाठी अनेक बायकांनी हट्ट धरला, भांडणं केली.

पण मोजणी एवढीच होती: घरात आहे की नाही. किती पावलांवर आहे, वाट झाकलेली आहे का, आत धरायला काही आहे का, म्हाताऱ्या माणसाला बसता-उठता येतं का, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. एका घराला एक संडास मिळाला की ते घर हागणदारीमुक्त. त्या हिशेबात आमचं घर २००४ पासून यशस्वी आहे. आजी पडली तेव्हाही ते यशस्वीच होतं.

आता दुसरं बाथरूम येतं आहे ते सरकारच्या नव्हे, बाजाराच्या मोजणीनं. बाजार काय मोजतो? अटॅच आहे की नाही, टाईल्स कुठपर्यंत आहेत, आणि दार कुठल्या दिशेला आहे. ईशान्येला नको, वायव्येला चालेल. वास्तूवाल्यांच्या या नियमात सगळ्या दिशा आहेत, फक्त खाट नाही.

आता प्रश्न बांधकामाचा

माझ्यावर दुसरा आरोप झाला की मी भावनेत वाहते आहे, बांधकाम भावनेवर होत नाही. ठीक आहे. बांधकामाचंच बोलू.

जिन्याखालची जागा: जिन्याच्या उतरत्या बाजूला उंची चार फूट. तिथं संडासाचं भांडं बसवलं तर उठताना डोकं आपटतं. विकायच्या फोटोत ते दिसत नाही, कारण फोटोत कुणी उठत नसतं.

मागची जागा: विहिरीचं सांगून झालं. शिवाय जुना खड्डा एकच आहे आणि गावात त्याला सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात, त्यात सेफ्टी काही नाही. एका खड्ड्यावर दोन संडास आणि वर आंघोळीचं पाणी सोडलं तर पावसाळ्यात तो तुंबणार. तेव्हा घर दुसऱ्याचं झालेलं असेल. तुंबलेला खड्डा उपसायला जो कुणी बोलावला जाईल, तो या सगळ्या व्यवहारात कुठेच नाही. त्याच्या जिवावर आपण लाखभर जास्त मागणार असू तर ते पैसे स्वच्छ नाहीत.

पुढची दलालाची जागा: दिसायला उत्तम. पण आई त्या खोलीत झोपत नाही. तिच्या खाटेपासून ती जागा सपरी ओलांडून तेवीस पावलं.

माझी जागा: मिस्त्रीला घेऊन मी दोनदा पाहिली. मैल्याच्या पाइपला फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. तिथून मागच्या खड्ड्यापर्यंत चाळीस फूट, म्हणजे दहा इंच उतार. जोतं दोन फूट उंच आहे, तेव्हा उतार मिळतो. पण मागचा खड्डा मुळात नकोच. त्याच सांदीच्या पुढच्या टोकाला, विहिरीपासून साठ फूट लांब, दोन नवे शोषखड्डे होतात. एक भरला की चेंबरमधून दुसऱ्यात वळवायचा. पहिला दोनेक वर्षं बंद ठेवला की त्यातलं कोरडं खत होतं आणि कुणाला मैल्यात उतरावं लागत नाही. बिंदेश्वर पाठकांनी सुलभच्या कामातून देशभर नेलेली ही पद्धत आहे, नवीन काही नाही. आपल्याकडे मिस्त्री बरेचदा दोन्ही खड्डे एकामागे एक जोडून टाकतात, मग दोन्ही एकदमच भरतात आणि सगळा अर्थ जातो. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. आंघोळीचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात, गिट्टी-रेतीच्या. नांदेडच्या टेंभुर्णी गावानं सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांवर नाल्या आणि डास घालवले, ते आपल्याला एका घरात जमू नये?

दार अडीच फुटांचं, बाहेर उघडणारं. आतलं माणूस दाराला टेकून पडलं तरी उघडता येईल असं. उंबरा नाही. भिंतीत धरायला दांडी. कमोड, कारण आईचे गुडघे. मिस्त्रीनं सगळं ऐकून डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘‘इथं टाकलं तं पाइप सरळ जाते मॅडम. आधी सांगतलं असतं तं घर बांधतानीच झालं असतं.’’

त्यानं सांगितलेला खर्च दलालाच्या बाथरूमपेक्षा नऊ हजारांनी जास्त आहे, दोन खड्ड्यांमुळे.

‘आता विकाचंच हाय तं’

सगळ्यात अवघड आक्षेप आईचा होता. ती म्हणाली, ‘‘आता विकाचंच हाय तं काहाले खर्च करतेस? चार महिन्यांसाठी? मले सवय हाय.’’

दादाही तेच म्हणाला, जरा चिडून. त्याचं चिडणं मला कळतं. बाबांच्या आजारपणाचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, हप्ते तो भरतो, घर विकायची घाई त्याला हौसेनं झालेली नाही. विकल्यावर आई त्याच्याकडेच नागपूरला जाणार, तिथं दोन बाथरूम आहेत. त्याच्या हिशेबात प्रत्येक रुपया परत आला पाहिजे.

पण चार महिने हा आकडा कुणाचा? छोट्या गावात घर विकायला वर्ष लागू शकतं. धानाचे पैसे हातात आले की लोक बघायला येतात, मग उन्हाळा, मग लग्नं, मग पेरण्या. मध्ये एक पावसाळा आलाच. आजीला पडायला एक रात्र पुरली होती.

आणि समजा चारच महिने. घर विकल्यावर त्या खोलीत कोण झोपेल? ज्या नोकरीवाल्या माणसासाठी दलाल टाईल्स निवडतो आहे, त्यालाही आई असेल. ती गुडघ्यांसकट येईल. तो घर बघायला येईल तेव्हा ती सोबत नसेल, म्हणून दलाल तिला मोजत नाही. मी मोजते आहे. माझ्या जागेवर बांधलेलं बाथरूम विकताना कमी भावाचं ठरेल असं मला कुणी पटवून दिलेलं नाही. फक्त ते दार उघडल्याबरोबर दिसणार नाही, एवढंच.

‘मले सवय हाय’ याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सवय आहेच तिला. आपल्या घरांचे नकाशे बायकांच्या सवयीवर उभे आहेत. तिला सवय होती म्हणून बाबांनी कधी विचारलं नाही. आणि बाबांचं काय घेऊन बसले, मी सहा वर्षं कमावते आहे. मी तिला मिक्सर पाठवला, स्मार्टफोन घेऊन दिला, रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. फोनवर ती मला टॉर्च कसा लावायचा ते विचारायची आणि मी शिकवायचे. तिला टॉर्च का लागतो, हे मला माहीत होतं. बाथरूम बांधू या, हे मीही दलालाच्या आधी म्हटलं नाही. म्हणून या लेखातला राग माझ्यावरही आहे आणि तो मी वजा करत नाही.

सही

घर बाबांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. नमुना आठच्या उताऱ्यावर आता तिघांची नावं आहेत. गावात असा रिवाज आहे की बहिणीनं अशा वेळी सही करून मोकळं व्हायचं आणि साडी घेऊन जायचं. मी पैशाचा वाटा मागितलेला नाही, दादाचं कर्ज आधी फिटू दे. मी मागितलं आहे ते सहा फूट बाय पाच फूट, उत्तरेच्या सांदीत. वरचे नऊ हजार माझे.

ते बांधून होईपर्यंत विक्रीच्या कागदावर मी सही करणार नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं. टाईल्सचे फोटो थांबले. काकांनी एक लांब मेसेज टाकला आणि मग डिलीट केला. दादानं दोन दिवस फोन उचलला नाही.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. बहुतेक घरापासून लांब, पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रात्री दोन वाजता उठा. आईच्या किंवा आजीच्या खाटेपासून संडासापर्यंत जा, टॉर्च न लावता, अनवाणी. पावलं मोजा. उघड्यावर किती ते वेगळं मोजा. पाऊस असेल तर अजून बरं. आणि आकडा घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा, घर विकायची वाट न बघता. आईला लाज वाटेल, वडील म्हणतील हा काय विषय आहे. विषय तोच आहे. आमच्या घरात तो काढायला दलाल यावा लागला.

मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला आहे. विटा सांदीत उतरल्या आहेत. काल आईचा फोन आला. दादाबद्दल काही बोलली नाही, कागदाबद्दलही नाही. विचारत होती, आतून दार पाडलं तं खाट कुठं सरकवायची. मी म्हटलं, उशी दाराकडं कर.